म्हाळू विभाग काढतो

एका गावात एक भोळा संगणकवाला होता. नाव म्हाळू. गोदूताईंच्या छापखान्यात पानं लावायचा. सांगाल ते करायचा, आणि तिथंच घोळ व्हायचा.

शाळेला पन्नास वर्षं झाली. स्मरणिकेचं काम गोदूताईंकडे आलं. हेडमास्तर म्हणाले, "प्रकाशन झोकात झालं तर शाळेची सगळी छपाई तुमची. नाहीतर आम्ही तालुक्याला जाऊ." छापखान्याला तेवढाच आधार दिसत होता.

आता नवं काम कोऱ्या पानावर कोण करतो? देवस्थानच्या जुन्या स्मरणिकेची फाइल उघडली. तिच्यातले जुने विभाग आपोआप काढून टाकणारी एक छोटी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, होती. म्हाळूने ती चालवली. एक विभाग राहिला, एक गेला. परत एक राहिला, एक गेला.

"ताई, स्क्रिप्ट एकाआड एक खातीय!"

"अरे, पुढून काढतोस. एक गेला की पुढचा त्याच्या जागी सरकतो नि सुटतो. शेवटून काढ."

तसे ते पटापट जाऊ लागले. थोडे उरले तेवढ्यात ताईंची हाक आली, "म्हाळू, कागदाच्या थप्पीतलं एक रीम आण."

थप्पी डोक्याइतकी उंच. म्हाळूने सगळ्यात खालचं ओढलं. ताईंनी त्याला कागदातून उकरून काढलं.

"अरे शहाण्या, हे काय?"

"शेवटून काढलं."

"रचलेलं वरून काढायचं!"

"मग आधी सांगायचं की."

म्हाळू परत संगणकाशी बसला आणि उरलेले विभाग वरून, अगदी पहिल्यापासून काढायला लागला. स्क्रिप्ट जागीच अडली. ताईंनी कपाळावर हात मारला.

"फाइलीत पहिला विभाग राहावाच लागतो. कितीही डोकं आपट, तो निघायचा नाही. पहिला राहू दे, बाकीचे काढ."

म्हाळूने तसं केलं. स्मरणिका छापून झाली आणि खरं सांगतो, देखणी झाली. ताई कितीतरी दिवसांनी हसल्या.

समारंभाला स्टेजवर ही गर्दी! आजी-माजी सरपंच, त्यांचे भाऊ, भावांचे मेहुणे. फळ्या करकरायला लागल्या. हेडमास्तर घाबरले. "म्हाळू, उगाच चढलेत त्यांना काढ बाबा!"

म्हाळूने मंडपवाल्याला विचारलं, "हितं सगळ्यात पहिलं कोण आलं?"

"आमचा खंड्या. सकाळपासनं त्या गादीच्या खुर्चीत झोपलाय."

"त्याला राहू दे," म्हाळू म्हणाला आणि हात जोडून एकेकाला उतरवायला लागला. "स्टेज पडतंय, साहेब." हे ऐकून प्रमुख पाहुण्यांनी तर उडीच टाकली.

हेडमास्तर हार घेऊन वर आले. खुर्चीत कुत्रं.

"अरे, प्रमुख पाहुणे कुठं गेले?"

"काढले. पहिल्याला हात लावला नाही, सर."

गडबडीने खंड्या जागा झाला. त्याने स्मरणिकांच्या गठ्ठ्याची लाल फीत दातांत धरून ओढली, एक प्रत तोंडात घेतली आणि भर सभेतून पसार झाला. गोदूताईंना शाळेची छपाई तालुक्याला निघालेली दिसली.

म्हाळू मात्र लगबगीने माइकपाशी गेला.

"प्रकाशन झालं! वाजवा टाळ्या!"