एक्केचाळिसावी पेंढी

फार मागची गोष्ट, पेंढ्या अन् बैल बोलत होते तेव्हाची. भागुजीच्या खळ्यात कडब्याच्या एक्केचाळीस पेंढ्या होत्या. कडबा मोजायचा पाचुंद्यानं, म्हणजे पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. आठ पाचुंदे गाडीत चढले आणि एक पेंढी खाली राहिली.

"मलाही घ्या गं!"

"एकटीचा कुठं पाचुंदा होतो, बाई?" गाडीतल्या हसल्या. गाडी गेली.

पेंढीला वाटलं, आपल्यातच काही खोट असणार. ती रडू लागली.

शेजारच्या खुंट्याचा म्हातारा बैल म्हणाला, "खोट कसली, पोरी? शेवटी जी मोजली असती, तीच उरली असती. आम्हा बैलांना जोडीनं मोजतात. माझा जोडीदार मेला, तसा मीही उरलोच. वैरण जोडीजोडीला टाकतात. मला कोण टाकतंय?"

"किती दिवस उपाशी आहेस, मामा?"

"तीन."

पेंढी घरंगळत त्याच्या तोंडाशी आली. मग म्हणाली, "माझ्या कमरेला बांधलेला आळा सोड."

"अगं, तू संपशील."

"एकाला एक. बरोबर वाटणी होते, मामा."

बैलानं हळूच आळा सोडला. खाताना त्याचे डोळे गळत होते. खळ्यात मग काहीच उरलं नाही.