गोर्देयचा हिवाळी हुकूम

उत्तरेकडच्या बर्फाळ रानात फार पूर्वी अस्वलांचं साम्राज्य होतं. तिथे गादीवर बसलेला गोर्देय लहानपणी नदीपलीकडे, लांडग्यांच्या देशात वाढला होता. आपली प्रजा त्याला गबाळी वाटायची.

"लांडगे ऐन थंडीत रांगेत कवायत करतात, आणि तुम्ही गुहेत घोरत पडता!" तो गरजला. "यंदा कुणीही झोपायचं नाही. जो जांभई देईल त्याचा मान काढून घेतला जाईल. कायदा सर्वांना सारखा!"

पहारेकऱ्यांची म्होरकी अग्राफेना ताठ मानेनं म्हणाली, "महाराज, आम्ही अस्वलं आहोत. थंडीभर झोपतो, म्हणून वसंतात उठलो की सगळं रान आम्हाला वाट देतं."

पण बोलता बोलता तिलाच जांभई आली. गोर्देयनं तिच्या आईपासून चालत आलेला मानाचा पट्टा ओढून बर्फात फेकला. सगळी फौज ते बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तो उंच खडकावर चढला. "माझ्याकडे बघा! मी थकलोय का?" असं म्हणताना त्याचा जबडा उघडला, तो दाढा दिसेपर्यंत उघडतच गेला.

अग्राफेना पुढे आली. "कायदा सर्वांना सारखा, महाराज." तिनं त्याचा मुकुट उतरवला. एकही पहारेकरी आडवा आला नाही.

"आता मला नदीपार हाकलणार?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"लांडग्यांना थंडीची झोप येत नाही, गोर्देय," ती म्हणाली. "तू आमचाच आहेस. चल, झोपायला चल."