उंदरिणीची हिरवी चिंधी

एक होती उंदरीण. नाव तिचं चिटुकली. गजरामावशीच्या घरात, खिडकीखाली, भिंतीत तिचं बीळ. बिळात तीन पिल्लं. गुलाबी गुलाबी, अंगावर केस नाहीत. वर पांघरूण? एक हिरवी मऊ चिंधी. तिघांना पुरून थोडी उरायची.

दिवस थंडीचे. चिटुकली गेली दाणा आणायला. तुरुतुरु तुरुतुरु.

इकडे गजरामावशी शिवत होती गोधडी. साधीसुधी नाही हं! चौकटीच्या कागदावर तिने मांजर काढलं होतं. एक चौकट, एक रंग. एक रंग, एक चिंधी. सगळ्या चिंध्या चौकोनी, सगळ्या बोटभर. कमी नाही, जास्त नाही. कचकच कात्री. सुळसुळ सुई. जवळून बघा, नुसते चौकोन. लांबून बघा, मांजर!

मांजराचा राहिला होता डोळा. डोळा हवा हिरवा. भिंतीतून डोकावत होतं एक हिरवं टोक. मावशीने ओढलं. सर्रर्र! चिंधी आली हातात. खाली कोण निजलंय, बघतंय कोण?

चिटुकली आली घरी. पिल्लं उघडी. कुडकुड कुडकुड. चिंधी कुठाय? शोधलं इथे, शोधलं तिथे. वर बघते तर गोधडी. बाई गं, मांजर! भीत भीत जवळ गेली. कसलं मांजर! नुसते चौकोन. आणि डोळ्याच्या जागी तिचीच चिंधी!

चिटुकलीला आला राग. तिने शेपटी आपटली. फट्!

"मावशी, मावशी, माझी चिंधी दे."

"मी नाही देणार. मांजराला डोळा नको का? कात्रीने टाका कापला, तर देईन."

चिटुकली गेली कात्रीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"कात्री, कात्री, टाका काप."

"का गं?"

"मावशी चिंधी देईना,
पिल्लं माझी झोपेनात!"

"मी नाही कापणार. चौकोन कापून कापून बोथट झाले. धारवाल्याने धार लावली, तर कापीन."

गल्लीत बसला होता धारवाला. पुढ्यात त्याचं चाक. चिटुकली गेली धारवाल्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"धारवाल्या दादा, धार लाव."

"का गं?"

"कात्री टाका कापेना,
मावशी चिंधी देईना,
पिल्लं माझी झोपेनात!"

"मी नाही लावणार. हात माझे गारठले. शेकोटी पेटली, तर लावीन."

चिटुकली गेली शेकोटीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. शेकोटी पडली होती राखेत. नुसती धुसधुस.

"शेकोटी, शेकोटी, पेट बाई."

"का गं?"

"धारवाला धार लावेना,
कात्री टाका कापेना,
मावशी चिंधी देईना,
पिल्लं माझी झोपेनात!"

"मी नाही पेटणार. झाडाने पानं टाकली, तर पेटेन."

चिटुकली गेली झाडाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखले, तरी गेली.

"झाडा, झाडा, पानं टाक."

"का गं?"

"शेकोटी काही पेटेना,
धारवाला धार लावेना,
कात्री टाका कापेना,
मावशी चिंधी देईना,
पिल्लं माझी झोपेनात!"

"मी नाही टाकणार. आपली पानं आपण कोण टाकतं? वाऱ्याने हलवलं, तर टाकीन."

चिटुकली गेली वाऱ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"वाऱ्या, वाऱ्या, झाड हलव."

"का गं?"

"झाड पानं टाकेना,
शेकोटी काही पेटेना,
धारवाला धार लावेना,
कात्री टाका कापेना,
मावशी चिंधी देईना,
पिल्लं माझी झोपेनात!"

वारा हसला. हूऽऽ हूऽऽ.

"मी नाही हलवणार. मला जायचंय मावशीच्या घरात. खिडकी बांधलीय दोरीने. दोरी तोडलीस, तर हलवीन."

चिटुकली आली खिडकीकडे. खिडकी तर तिच्याच बिळावरची. वारा आत आला, की आधी शिरणार कुठे? बिळात! पण करते काय बिचारी? ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. दात झिजवायचे ते चिटुकलीनेच.

कुरुम कुरुम! कुरुम कुरुम! दोरी तुटली. खिडकी उघडली. धाडकन!

मग काय! वाऱ्याने झाड हलवलं. झाडाने पानं टाकली, सळसळ सळसळ. शेकोटी पेटली, भडभड भडभड. धारवाल्याने हात शेकले, कात्रीला धार लावली, खर्र खर्र. कात्रीने टाका कापला. कच्च! मावशीने चिंधी दिली.

"घे बाई! किती डोकं खाल्लंस!"

मावशीने टोपलीत हात घातला. दुसरी चिंधी काढली, पिवळी. डोळ्याच्या जागी लावली. सुळसुळ सुई. लांबून बघितलं.

"पिवळासुद्धा छान दिसतो की!"

टोपलीत चिंध्या होत्या ढीगभर.

चिटुकली चिंधी घेऊन पळाली. बिळात शिरली. पिल्लांवर चिंधी घातली. अगंबाई! चिंधी केवढी होती, केवढी झाली! चौकोनी. बोटभर. कमी नाही, जास्त नाही. वर खिडकी उघडी. वारा आत. हूऽऽ हूऽऽ.

पहिल्यावर घातली, दुसरं उघडं. दुसऱ्यावर घातली, तिसरं उघडं. इकडे ओढली. तिकडे ओढली. चिंधी काही पुरेना.

चिटुकलीला रडू आलं. तिने चिंधी घातली सगळ्यात लहानावर. उरलेल्या दोघांवर ती स्वतः पसरली. पोट पिल्लांवर, पाठ वाऱ्याकडे. पिल्लं झोपली. चिटुकली जागीच. तिच्या पाठीवर पांघरूण घालायला कोणीच आलं नाही.

अशी मिळाली उंदरिणीला तिची चिंधी. गोष्ट संपली, बाळांनो. तुमचं पांघरूण घ्या नीट.