सायलेन्सरच्या तोंडातला बोळा

नेहमी दोनशेचंच पेट्रोल घालणारा माणूस जाण्याच्या आदल्या आठवड्यात टाकी पूर्ण का भरतो?

एकदा एका तरुणाला हा प्रश्न पडला. त्याने तो वहिनीला विचारला, डॉक्टरांना विचारला, एके दिवशी तर पंपावरच्या माणसालाही विचारून पाहिला. कुणी मान खाली घातली, कुणी पाणी पुढे केलं. त्याचा मोठा भाऊ छातीत कळ येऊन गेला, त्याला तीन महिने झाले होते. मागे उरल्या होत्या वहिनी, दोन लहान पुतण्या आणि अठरा वर्षांची एक मोटार.

तरुण सातवीत शाळा सोडलेला आणि तापट. हल्ली तो घरात सगळ्यांवर ओरडायचा. डाळीत मीठ जास्त झालं म्हणून, दार वाजलं म्हणून, मुली हसल्या म्हणून आणि हसल्या नाहीत म्हणूनही.

त्यातच मोटारीचा सायलेन्सर फुटला. गाडी सुरू झाली की सगळी आळी दणाणायची. शेजारच्या काकू म्हणत, "तुमची गाडी बोलायला लागली की आमचा टीव्ही मुका होतो."

भाऊ गेल्यापासून वहिनी नोकरी शोधत होती आणि आता तिला शेजारच्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं, मुलींना घेऊन तिथेच राहायचं होतं. तिने शांतपणे सांगून टाकलं की परवडेल अशा खर्चात शनिवारपर्यंत गाडी नीट झाली तर ठीक, नाहीतर रविवारी भंगारवाला घेऊन जाईल आणि आम्ही एसटीने जाऊ. दादाची गाडी भंगारात, हा विचारच तरुणाला सोसेना. भरलं ताट सरकवून तो उठला.

तीन गॅरेजं झाली. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं, पुढून मागेपर्यंत सायलेन्सरच्या नळीची सगळी लाइन बदला. तो खर्च ऐकला की कुणालाही वाटावं, हा गाडीचाच भाव सांगतोय. नळीच्या मध्यावर दादाने कधीतरी तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून, क्लिपांनी आवळून एक ठिगळ लावलं होतं. तिसऱ्या गॅरेजवाल्याने त्याला पायानेच स्पर्श केला आणि आधी हा कचरा काढा म्हणाला. तरुणाने त्याची गचांडी धरली नाही, एवढंच नवल. घरी येऊन, सडलंय तरी कुठवर ते आपणच पाहू, म्हणून तो हातोडी घेऊन गाडीखाली शिरला. चार ठोके घातले. पाचवा आत गेला.

शनिवारी सकाळी कुणीतरी बाह्यवळणावरच्या एका वृद्ध मिस्त्रीचं नाव सुचवलं. ट्रकांचे सायलेन्सर सांधण्यात त्या म्हाताऱ्याचं आयुष्य गेलं होतं. तरुण दणदणाट करत पोचला. मिस्त्रीने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बस. चहा घे."

"बाबा, आज शनिवार आहे."

"माहीत आहे. तापलेल्याला हात लावू नये, पोरा. गाडी असो नाहीतर माणूस."

गाडी निवेपर्यंत दोन चहा झाले आणि तेवढ्यात तरुणाने न विचारता सगळं सांगून टाकलं. दादा, टाकी, वहिनीची नोकरी, घरातली भांडणं, तिन्ही गॅरेजं. मिस्त्री नुसता हुंकार देत होता. मग त्याने गाडी दोन फळ्यांवर चढवून घेतली, नळीवर पुढून मागेपर्यंत साबणाचं पाणी शिंपडलं आणि गाडी सुरू करायला लावली. पुन्हा तोच दणदणाट. म्हाताऱ्याने खांद्यावरचा पंचा भिजवला, पिळला, त्याचा बोळा केला आणि सायलेन्सरच्या तोंडात कोंबून वर टाच रोवली.

तरुण धावला. गुदमरेल, बंद पडेल, असं काहीबाही ओरडत त्याने म्हाताऱ्याचा दंड धरला.

"तू गप्प राहा," मिस्त्री म्हणाला. "आणि खाली वाकून ऐक."

तरुण वाकला. दणदणाट ओसरला होता. पुढच्या बाजूने, इंजिनाजवळच्या जोडातून, बारीक फुसफूस येत होती आणि तिथे साबणाचा फेस भराभर फुगत होता. आणखी एक बुडबुडा मागे, नखाएवढ्या भोकावर. बाकी नळी शांत.

मिस्त्रीने बोळा काढला, गाडी बंद करवली. "पुढच्या जोडाचं गॅस्केट, ही मधली चकती, जळलंय. हे मागचं भोक मात्र ताजं दिसतंय. हे कुणाचं?"

"माझं," तरुण म्हणाला.

म्हातारा हसता हसता खोकायला लागला. तरुणालाही हसू फुटलं, तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग मिस्त्रीने पत्र्याच्या ठिगळावर बोट फिरवलं.

"आणि हे?"

"दादाचं."

"इथे एक बुडबुडा नाही. हे काढायचं नाही. बांधणाऱ्याला घाई नव्हती."

तरुणाने तोंड फिरवलं. मिस्त्री पंचा झटकत सावकाश म्हणाला, "पोरा, आवाज सगळीकडून येतो, म्हणून लोकांना वाटतं सगळंच गेलं. ते सगळं बदलायला सांगतात. पण जातं ते वीतभर जागेत. मागचं तोंड दाबून धरलं की खरं भोक आपणहून बोलतं. जो साऱ्या घरावर ओरडतो ना, त्याचंही एकाच जागी फुटलेलं असतं. ती जागा शोध. घर बदलायला जाऊ नकोस."

जोडाला नवं गॅस्केट बसलं, भोकावर वेल्डिंगचा ठिपका पडला. मजुरी इतकी थोडी, की तरुणाने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

परतताना गाडी इतकी शांत चालत होती, की त्याला आपलाच श्वास ऐकू यायला लागला. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तो आपली फुटलेली जागा शोधू लागला. ती मिठात नव्हती, दारातही नव्हती. सोमवारी घर रिकामं होणार होतं.

घरी येऊन तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला. "वहिनी, तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. पण तुम्ही जा."

वहिनीचे डोळे भरले आणि ती हसली. "एवढंच होतं होय? आणि तीन महिने माझ्या डाळीला बोल लावत होतास."

सोमवारी सगळे मोटारीनेच गेले. मुलींना मागच्या सीटवर एकमेकींचं ऐकू येत होतं, त्यामुळे वाटभर भांडणं झाली आणि गाणीही झाली. पोचल्यावर तरुणाने धान्याचा डबा, शेगडी, गाद्या, सगळं खोलीत नेऊन लावलं. तिथून पाच खेड्यांची फिरती होती. वहिनीला गाडी चालवता येत होती. दादानेच शिकवली होती. पण दादा उंच, आणि त्याच्या मापाने मागे केलेली सीट तरुणाने तीन महिने कुणाला हलवू दिली नव्हती, स्वतः पायाच्या बोटांवर गाडी चालवली होती. आता तो वाकला, खालचा खटका ओढला, सीट वहिनीच्या मापाला पुढे सरकवली, किल्ली तिच्या हातात दिली आणि एसटी स्टँडकडे चालू लागला.