वाळा आणि जांभळी विहीर

माणसं रंगाचा कारखाना बंद करून निघून गेली, त्यानंतरची ही हकिगत. मागे उरली नासलेली माती आणि जांभळ्या पाण्याची विहीर. विहिरीतल्या बेडकीची पिल्लं काही जगेनात.

टिटवी म्हणाली, "त्यात काय एवढं? वरून चांगली माती पसरू." सगळ्यांनी माती पसरली. जागा छान दिसू लागली, पण पाणी जांभळंच राहिलं.

तेव्हा ओढ्याकाठचं वाळ्याचं गवत म्हणालं, "घाण खाली आहे, तर खालीच जायला हवं. मला तिथे लावा. मात्र माझं पातं कुणी खायचं नाही. विष माझ्यात उतरेल."

"आणि तुझं काय?" बेडकीने विचारलं.

"मी चिवट आहे गं!"

खेकड्याने रोपं ओढत आणून लावली. दर पावसाळ्यात मुळं आणखी खोल जात राहिली. भुकेली शेळी यायची, तिला बेडकी ओरडून ओरडून हुसकावायची.

पाचव्या वर्षी पाणी निवळून विहिरीचा तळ दिसला. बेडकीची पिल्लं पाण्यात सुळसुळ फिरू लागली. वाळ्याची पाती मात्र पिवळी पडली होती.

"आता जरा दम घे रे," बेडकी म्हणाली.

टिटवी खाली उतरली आणि वाळ्याच्या बुडाशी, एकेकाळी नासलेल्या त्याच मातीत, तिने अंडी घातली.