आवडीचा गोठ आणि भिवाची मिशी

या, सावलीत बसा. वह्या उघडल्यात ना? मग ते मोबाइल खाली ठेवा, फोटो नंतर काढा. आधी वर बघा. सातेरीच्या देवळाच्या तुळईला साखळीने लोंबतोय तो आवडीचा गोठ, म्हणजे हातातलं जाड कडं. खऱ्या चांदीचा आहे. कुलूप नाही, कॅमेरा नाही, तरी आजवर कोणी चोरला नाही, कारण तो शोभेल एवढं दांडगं मनगट पंचक्रोशीत नाही! गावात नवं जाळं विणलं की आधी इथे आणतात. जाळ्याच्या एकेका भोकाला आम्ही आस म्हणतो. त्या आसातून हा गोठ आरपार गेला तरच जाळं दर्यात उतरतं. अडकला तर उसवा आणि पुन्हा विणा, मग जाळं कोणाचं का असेना.

हे असं का, ते सांगते. पन्नास वर्षं मासळी विकलीय मी, मध्ये कोणी बोललेलं मला खपत नाही.

फार पूर्वी इथे भिवा तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. त्याची मिशी म्हणे एवढी, की होडी परत येताना किनाऱ्यावरून आधी मिशी दिसायची, मग होडी, मग भिवा. जाळं विणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं, तिथेच घोळ झाला. दर साली तो आस बारीक करत गेला. तिसऱ्या साली त्याच्या जाळ्यात डास शिरला तर बाहेर यायची वाट विचारायचा, असं सांगतात.

आवडी त्याची बायको. धिप्पाड बाई, डोक्यावर दोन टोपल्या एकावर एक घेऊन बाजाराला जायची. ती म्हणाली, "अहो, ही पिल्लं टोपलीतून गळतात, विकू कशी?" भिवा म्हणाला, "मग टोपली बारीक विणून घे." घ्या! असल्या माणसाशी काय बोलणार? न खपलेली पिल्लं खत म्हणून माडांच्या मुळाशी जायची. माड नारळांनी वाकले आणि दर्या ओस पडत गेला.

अशात त्यांच्या लेकीचं, सगुणेचं लग्न ठरलं, खाडीपलीकडच्या जिवा नावाच्या पोराशी. दोघांचं मन जुळलेलं होतं, फक्त व्याह्यांचं जेवण व्हायचं राहिलं होतं. आमच्यात व्याह्याच्या ताटात अख्खा सरंगा पडला नाही तर तो अपमान. सरंगा म्हणजे तुमचं पापलेट हो. भिवाने याच देवळात उभं राहून मिशीला हात लावला आणि बोलला, "ताटाबाहेर शेपूट लोंबेल एवढा सरंगा वाढीन. नाहीतर ही मिशी सातेरीला!"

आठ दिवस रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली, मोठा सरंगा एकही नाही. जेवणाच्या दिवशी सकाळी मात्र जाळं असं जड झालं की सगळं गाव दोराला लागलं. गुरवसुद्धा पूजा टाकून धावला. भिवा आपला मिशी पिळत उभा. जाळं वाळूवर आलं, आणि सगळे वाकून बघायला लागले. सरंगेच होते, त्यात खोट नाही. हजारोंनी होते. पण एकेक नखाएवढा.

पुढच्या दोन-तीन सालांची मासळी वाळूत तडफडत होती. आवडी मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. मग उठली, जिवंत होती तेवढी पिल्लं पदरात भरून पाण्यात सोडायला लागली. बाकीच्या बायाही पदर खोचून धावल्या.

दुपारी व्याही आले. ताटात भाताचा डोंगर आणि शेजारी तळलेला एक सरंगा. म्हाताऱ्या व्याह्याला, लवूला, आधी वाटलं, आमसूल पडलंय. मग त्याने तो बोटावर घेतला, उजेडात धरला आणि विचारलं, "हे काय?"

"सरंगा," भिवा पुटपुटला.

"ह्याची आई कुठे?"

 लवू एकही घास न घेता उठला. म्हणाला, "पोरगी तुमची गुणाची, तिला नाव ठेवणार नाही. पण उद्या माझी नातवंडं आजोळी येतील, ती खातील काय? बोललात तसा सरंगा वाढाल त्या दिवशी वरात आणतो." सगुणा दाराआड रडत होती. जिवा तिच्याकडे बघत बघत निघाला आणि त्याचं कपाळ चौकटीवर आपटलं.

भिवा उठला तो थेट देवळात. न्हाव्याला बोलावलं आणि मिशी उतरवली. त्याचा वरचा ओठ गावाने पहिल्यांदाच बघितला. तो हुबेहूब त्याच्या मेलेल्या आईसारखा दिसायला लागला, आणि सख्ख्या आत्याने वहिनी समजून त्याला वाकून नमस्कार केला म्हणे! आवडीने तेल लावून मनगटातला गोठ ओढून काढला. "हा ज्यातून जाईल तेच जाळं," एवढंच ती बोलली. भिवाने आपलं जाळं आपल्या हाताने उसवलं आणि सारा पावसाळा गोठ मांडीवर ठेवून नवं विणलं.

मग वाट बघणं आलं. दर पुनवेला जिवा होडीतून यायचा, किनाऱ्याला न लागता लांबूनच ओरडायचा, "सरंगो केवढो झालो?" आवडी वाळूत उभी राहून हाताने दाखवायची. दोन बोटं. मग चार बोटं. मग तळहात. एका पुनवेला तिने मागच्याएवढाच दाखवला, तर बिचारा तोंड फिरवून निघून गेला. ते बघायला म्हणे आसपासची गावं जमायची.

दोन वर्षांनी एका पुनवेला आवडीने हात दाखवलाच नाही. दोन्ही हातांनी सरंगाच डोक्यावर उचलून धरला. जिवाने होडी तशीच सोडली आणि पोहत किनारा गाठला.

लग्नाच्या पंगतीत शेपूट ताटाबाहेर लोंबत होतं. लवूने काटे चोखून जेवण केलं, हात धुतला आणि पुन्हा विचारलं, "ह्याची आई कुठे?" भिवाने दर्याकडे बोट केलं. म्हणाला, "आहे. तिला तिथेच ठेवलीय."

आजही आमचा तांडेल मिशी ठेवत नाही. तो बघा, जाळं वाळवतोय, बघा त्याचा ओठ. आणि आजही पंगतीत तसा सरंगा वाढता आला तरच आमच्याकडे लग्नाची तारीख धरतात.

तुम्हाला चहा देतेय ना, ती दीक्षिता, माझी नात. हिचं ठरून दीड वर्ष झालं. लाजू नकोस गो! तिचा तो दर पुनवेला व्हिडिओ कॉल करतो आणि 'कशी आहेस' विचारायच्या आधी सरंगा विचारतो. परवा मी तळहात दाखवला. मागच्या पुनवेलाही तळहातच होता. आमच्या जाळ्यांतून गोठ जातो, पोरांनो. पण बाहेर खोल पाण्यात मोठे ट्रॉलर येतात, त्यांची जाळी या देवळात कधी येत नाहीत. पिल्लं त्यांच्यात जातात आणि तुमच्या शहरात विकली जातात. माझा जीव तुटतो.

म्हणून सांगते. बाजारात कोणी बोटाएवढा सरंगा पुढे केला, तर ह्याची आई कुठे म्हणून विचारा आणि घेऊ नका. ते पिल्लू वाढलं तर माझ्या नातीची वरात येणार आहे. लिहिलंत? आता काढा फोटो. गोठाचा नको. हे बघा, मी दोन्ही हात पसरलेत, एवढा झाल्यावर घ्यायचा. ह्याचा काढा.