कपाटातला घोडा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या एका राज्यात संध्याकाळ झाली की देवळाच्या पारावर बुद्धिबळाचा पट मांडला जाई.

येसू रोज तिथे वडिलांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन जाई. तांब्या ठेवी आणि खांबाआड उभी राही. लाकडी घोडा अडीच घरं उडी मारी, तेव्हा तिची बोटंही नकळत हलत.

"पाणी ठेवलंस ना? मग नीघ आता," म्हातारे खेकसत. "ही काय तुमची भातुकली आहे?"

येसू घरी येई, अंगणात कोळशाने चौकोन आखी आणि चिंचोके मांडी. पण चिंचोका तो चिंचोका. त्याला घोड्याची डौलदार मान कुठली?

एके दिवशी राजाने दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! आता पाठशाळेत बुद्धिबळ शिकवलं जाईल. मुलांना आणि मुलींनाही!"

प्रधान कुरकुरले, "महाराज, खेळ तो खेळ. तो पाठशाळेत कशाला?"

राजा म्हणाला, "चार चाली पुढचं पाहणारी प्रजा मला हवी आहे."

त्या दिवशी आनंदाने येसूच्या घशाखाली घास उतरेना.

पाठशाळेत शिसवी सोंगट्या आल्या. पंतोजी मायाळू होते, पण फार धास्तावले. "राजाची वस्तू! एक प्यादं हरवलं तर माझी धडगत नाही." त्यांनी सोंगट्या जाळीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहिलं. मुलांना मात्र चाली पाठ करायला दिल्या. "उंट तिरपा, हत्ती सरळ!" सगळा वर्ग घोकू लागला.

येसूलाही सारं पाठ झालं. घोकताना तिची नजर जाळीतून आत जाई. आतला घोडा आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटे.

"पंतोजी, एकदाच हातात घेऊ?" एकदा तिने धीर करून विचारलं.

"आधी परीक्षा होऊ दे, बाळ."

परीक्षा झाली. मग पुढची आली.

वर्षअखेरीस राजा पाठशाळेत आला. मुलांनी एकही चूक न करता चाली म्हटल्या. राजा खूश झाला. त्याने पट मांडायला लावला आणि स्वतःच समोर बसला. "चला, कोण खेळतं माझ्याशी?"

पहिला आलेला विद्यार्थी पुढे झाला. पटाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "महाराज, कुठली चाल म्हणून दाखवू?"

"म्हणू नकोस रे, खेळ!"

त्याचा हात काही हलेना. बाकीची मुलं माना खाली घालून बसली.

तेव्हा येसू उठली. तिने घोडा उचलला. तो तिला वाटलं होतं त्याहून जड होता, आणि गार. क्षणभर तिने तो मुठीत धरला, मग अडीच घरं पुढे ठेवला.

थोड्याच वेळात राजाने तिच्यावर मात केली. येसूचे डोळे भरून आले होते, ओठ मात्र हसत होते.

"हरलीस, तरी हसतेस?"

"महाराज, वर्षभर शिकले, पण खेळले आजच. पुन्हा मांडू?"

राजाने पंतोजींकडे पाहिलं. पंतोजींनी कनवटीची किल्ली पुढे केली.

त्यानंतर कपाटाला कधी कुलूप लागलं नाही. पहिल्याच महिन्यात दोन प्यादी हरवली. मुलांनी त्यांच्या जागी चिंचोके ठेवले आणि डाव पुढे चालू राहिला.

तात्पर्य: जी विद्या मुलांना यावी असं वाटतं, ती आधी त्यांच्या हातात द्यावी.